थेनखामचा कौल

मेकाँग नदीवरचे धुके अजून विरले नव्हते. थेनखामच्या किल्ल्याची लाल माती पहाटेच्या दवाने काळवंडली होती, बुरुजांखालच्या ताडांचे शेंडे तेवढे धुक्याबाहेर दिसत होते, आणि रोज सूर्योदयापूर्वी राजवाड्यासमोर वाजणारी नौबत त्या दिवशी वाजलीच नाही. नगरातली माणसे दारे किलकिली करून पाहतात तो काय, किल्ल्याच्या चारही दरवाजांवर राजाची शिबंदी जाऊन सेनापतीची फौज उभी ठाकली होती आणि तटावरच्या तोफांची तोंडे बाहेरच्या शत्रूकडून आत, राजवाड्याकडे वळली होती.

फ्रेंचांचे निशाण उतरून फार वर्षे झाली नव्हती. थेनखाम हे नदीकाठचे लहानसे राज्य, राजा कोवळ्या वयाचा, आणि सारा कारभार पंतप्रधान बुनलिएन यांच्या शिरावर. बुनलिएन मूळचे विहारातल्या शाळेचे शिक्षक. जपानी सैन्य देशात घुसले तेव्हा फळा-खडू टाकून ते रानात गेले, स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले, आणि लढा संपल्यावर लोकांनीच त्यांना धरून दरबारात नेऊन बसवले. लोक त्यांना ‘आचान’ म्हणत. आपल्या ‘आचार्य’ शब्दाचेच ते तिकडचे रूप.

रानातल्या त्या दिवसांत आचानांना हिवतापाने गाठले असता ज्या तरुणाने त्यांना पाठीवर घेऊन डोंगर ओलांडला, तो खामसुक. त्याला लिहायला-वाचायला शिकवले आचानांनी, आणि पुढे सेनापतिपदाची वस्त्रे दिली तीही त्यांनीच. आज दरवाजांवर चौक्या बसवणारा सेनापती तोच होता.

कारण घडले ते असे. उत्तरेकडच्या डोंगरी लोकांनी बंड केले होते. त्यांचा नायक चोंग नेंग हा मोठा कडवा माणूस. तीन पावसाळे सेनापतीची फौज त्याच्या मागे धावली, गावेच्या गावे जळाली, पण तो हाती लागला नाही. अखेर आचान स्वतः, निःशस्त्र, डोंगरात गेले. त्यांनी चोंग नेंगच्या मनगटाला आपल्या हाताने अभयाचा पांढरा दोरा बांधला आणि कौल दिला, “आपण नगरात या. तह होईल. आपल्या केसालाही धक्का लागला तर त्याआधी माझी मान उतरलेली असेल.” त्या एका शब्दावर चोंग नेंग डोंगर उतरून एकटा आला आणि किल्ल्यातल्या राजविहारात पाहुणा म्हणून राहिला. तहावर दुसऱ्या दिवशी राजमुद्रा उठायची होती.

पण तह झाला की लढाई संपणार होती, आणि लढाई संपली की परदेशातून सेनापतीच्या नावाने येणाऱ्या बंदुका, विमाने आणि मानमरातब हे सारे संपणार होते. म्हणून ही मसलत शिजली.

सभागृहात येण्याचा हुकूम पोचला तेव्हा आचान घरी तोंड धूत होते. त्यांनी पत्नीकडे पाहिले. केओमनी ही हातमागावर वस्त्रे विणणारी, दरबारात फारशी न दिसणारी, पण काळजाची खंबीर बाई होती.

“विहारात फौज शिरणार नाही,” आचान हलक्या आवाजात म्हणाले. “हत्यार घेऊन देवाच्या उंबरठ्यात पाऊल टाकायला हे शिपाई धजायचे नाहीत. चोंग नेंगला बाहेर बोलावण्यासाठी खामसुकला मीच हवा आहे. मी त्याला बोलण्यात गुंतवतो. भिक्षू भिक्षेला निघतील त्यांच्यात एक वाढला तर कोण मोजणार आहे?”

“आणि तुमचे काय?”

“शब्द मी दिला आहे, केओमनी.”

तिने त्यांच्या खांद्यावरचा शेला सारखा केला आणि मागच्या दाराने विहाराकडे निघाली.

सभागृहात राजा पांढराफटक होऊन सिंहासनाच्या कडेवर बसला होता. खामसुकने रिवाजाप्रमाणे हात जोडून, मान लववून आचानांना प्रणाम केला.

“आचान, आपल्या पदाला मी हात लावणार नाही. पंतप्रधान आपणच. त्या बंडखोराला फक्त बाहेर बोलवा.”

“तो महाराजांचा पाहुणा आहे.”

“महाराजांची आज्ञा झाली आहे.”

आचानांनी राजाकडे पाहिले. राजाने मान खाली घातली.

“आज्ञा झाली असेल तर ती रीतसर होऊ दे,” आचान शांतपणे म्हणाले. “मंत्र्यांना बोलवा. पाहुण्याला दिलेला कौल मोडायचा तर तो भर दरबारात मोडला पाहिजे, चोरासारखा नव्हे.”

खामसुकच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. म्हातारा नमला, असे त्याला वाटले. मंत्री येईपर्यंत आचान एकेक मुद्दा काढत राहिले. चोंग नेंगला कोठे ठेवणार, खटला कोणापुढे चालणार, महाराज काय बोलणार. खामसुक विद्यार्थ्यासारखा उत्तरे देत राहिला.

तिकडे विहाराच्या मागच्या पडवीत केओमनी स्वतःच्या हाताने चोंग नेंगचे केस उतरवत होती. त्याचे डोळे निखाऱ्यासारखे झाले होते.

“तुझा नवरा कुठे आहे?”

“सेनापतीपाशी. त्याला अडकवून ठेवायला गेले आहेत. हा सारा बेत त्यांचाच आहे.”

“नवऱ्याचे नाव राखायला कोणतीही बायको असेच म्हणेल,” तो कडवटपणे म्हणाला. “तू चांगली बाई आहेस. तुझे उपकार मी विसरणार नाही. त्याचा दगाही विसरणार नाही.”

समजूत घालायला वेळ नव्हता. भगव्या चीवरांची रांग हाती भिक्षापात्रे घेऊन किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पडली. पहाऱ्यावरचे शिपाई बंदुका खाली ठेवून गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कपाळे जमिनीला टेकवली. त्या झुकलेल्या माथ्यांसमोरून चोंग नेंग निघून गेला.

बातमी सभागृहात आली तेव्हा मंत्री नुकतेच स्थानापन्न झाले होते. खामसुक ताडकन उठला.

“कोणी सोडला? भिक्षूंनी? एकेकाला ओढून—”

“मी सोडला,” आचान म्हणाले. “भिक्षूंचा यात काही दोष नाही. आज्ञा माझी, अपराधही माझाच.”

खामसुक त्यांच्याजवळ आला. त्याचा आवाज एकाएकी खाली उतरला. “आचान, एवढेच म्हणा की आपल्याला ठाऊक नव्हते. मी सावरून घेतो. मी आपल्याला पाठीवर वाहिले आहे.”

“वाहिलेस खरे, बाळा,” आचान म्हणाले. “म्हणूनच तुझ्यासमोर खोटे बोलवत नाही.”

त्याच सकाळी आचानांना बेड्या घालून नदीतल्या बेटावरच्या जुन्या तुरुंगात नेले. रेडिओवरून दोन जाहीरनामे निघाले. नगरवासीयांना सांगितले गेले, की पंतप्रधान बंडखोरांना विकला गेला होता. डोंगरी भाषेतून सांगितले गेले, की चोंग नेंगला सापळ्यात आणण्याची युक्ती पंतप्रधानाचीच होती. खाली लोकांनी त्यांच्या घरावर दगड मारले. वर डोंगरात त्यांचे नाव शिवी म्हणून घेतले जाऊ लागले. लढाई पुन्हा पेटली आणि वर्षानुवर्षे विझली नाही.

रेडिओवर येऊन चूक कबूल केल्यास सुटका होईल, असा निरोप खामसुक दरसाल पाठवी. दरसाल नकार येई. एका पावसाळ्यात जुना हिवताप उलटला आणि आचान बेटावरच वारले. चितेला अग्नी तुरुंगाच्या रखवालदाराने दिला.

पुढे खामसुकचेही दिवस फिरले. त्याच्याच हाताखालच्या सरदारांनी त्याला पदच्युत केले. सरहद्दीकडे पळताना तो डोंगरी लोकांच्या हाती सापडला. म्हाताऱ्या चोंग नेंगपुढे त्याला उभे केले तेव्हा चोंग नेंगने एकच प्रश्न विचारला, “तुझ्या आचानाने मला किती मोलाला विकले होते?”

खामसुक म्हणाला, “विकले? तू पळत होतास तेव्हा तो माझ्यासमोर बसून मला बोलण्यात गुंतवत होता. एक शब्द खोटा बोलला असता तर तो वाचला असता.”

चोंग नेंगने त्याला मारले नाही. सरहद्दीपार सोडून दिले. नगरातल्या नव्या कारभाऱ्यांशी तह झाल्यावर तो दुसऱ्यांदा डोंगर उतरला आणि विचारत विचारत केओमनीच्या दारी आला. ती मागावर बसली होती. तिने त्याला ओळखले.

“बाई, तुम्ही खरे सांगितले होते,” तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला.

“हो.”

“माझे दोन्ही मुलगे त्यानंतरच्या लढाईत गेले. मी त्या दिवशी विश्वास ठेवला असता तर...” मग त्याने विचारले, “त्यांना निदान हे तरी कळले होते का, की मी जिवंत पोचलो?”

केओमनीने माग थांबवला.

“वर्षातून एकदा मला बेटावर जाऊ देत,” ती म्हणाली. “पलीकडच्या डोंगरात तुमच्या बंदुका वाजत त्या तिथे ऐकू येत. दर खेपेला ते मला म्हणत, ‘ऐक केओमनी, चोंग नेंग जिवंत आहे.’”