गुडघाभर पाण्याचा दगड

शाळेच्या बाईंनी टेबलावर कागदाची पुडी उलगडली. आत चिमूटभर गाळ होता आणि त्यात तांदळाएवढा शिंपला.

"आमच्या बालवर्गाच्या छतातून पडला. रंगारी फट खरवडत होता," त्या म्हणाल्या. "आणि दाराशेजारचा पुराचा दगड सांगतो, सर्वांत मोठ्या पुरातही पाणी गुडघाभरच होतं. उद्यापासून त्या खोलीत चाळीस लेकरं दुपारची झोपणार आहेत. खोटं कोण बोलतंय? दगड की गाळ?"

समोरचे गुप्तहेर डोळे अर्धे मिटून ऐकत होते. या सवयीमुळे सगळे त्यांना अर्धमिटे म्हणत. त्यांचे साडू, निवृत्त चित्रकला मास्तर, डोळे टक्क उघडे ठेवूनही नेमकं हवं ते पाहत नसत. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

नदीकाठची गल्ली दुपारी पेंगुळली होती. पाण्यावरचा उजेड भिंतींवर हलत होता, आणि मास्तरांना वाटलं, घरंच संथपणे वाहत चालली आहेत. एके काळी नदी इथं ऐसपैस पसरायची. मग शहर आलं आणि 'जरा सरकून घे' म्हणत तिच्या अंथरुणावर हातपाय पसरून बसलं.

दगड शाळेच्या दाराशी, गुडघ्याच्या उंचीवर बसवलेला होता. त्यावर एक रेघ आणि अक्षरं: 'पाणी इथवर आले'. मास्तरांनी सांध्यावरून बोट फिरवलं. चुना काळवंडलेला, शेवाळ जाडजूड.

"चांगलाच जुना आहे की," ते म्हणाले.

शेजारी इमारत बांधणारा ठेकेदार वैतागला. "मला कशाला विचारता? मी तीन वर्षांपूर्वी आलो. कचेरीच्या नकाशातली पूररेषा या दगडावरूनच काढलीय. सगळ्या गल्लीची जोती त्याच मापानं बांधलीत."

"हाच तो," मास्तर जिन्यात कुजबुजले. "सगळा फायदा याचाच."

शाळेच्या वरच्या दोन खोल्यांत एक म्हातारे गवंडी राहत. जन्मही तिथलाच. बाईंना पाहून त्यांचा चेहरा खुलला. "ये पोरी!"

"काका, तो पुराचा दगड आठवतो?"

"आठवतो म्हणजे! माझी अक्षरओळखच त्यावर झाली. आई कंबरेला धरायची आणि मी या खिडकीतून वाकून अक्षरं गिरवायचो. बसा, चहा टाकतो."

चहा झाल्यावर अर्धमिट्यांनी डोळे पूर्ण उघडले.

"छतात गाळ पाण्यानंच येणार. म्हणजे दगड हलवलेला आहे. ठेकेदारानं? सांध्यावरचं शेवाळ तीन वर्षांत इतकं साचत नाही. पस्तीसेक वर्षं तरी झाली. काम सफाईदार, म्हणजे गवंड्याच्या हातचं. आणि मास्तर, या खिडकीतून खालच्या दगडावर बोट फिरवायला पोराचा हात केवढा लांब लागेल?"

मास्तर वाकले. खाली चांगलंच खोल होतं. खिडकीखाली, खोलीच्या जमिनीच्या पातळीला, भिंतीत चार विटा मात्र वेगळ्या रंगाच्या होत्या.

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला.

"बायको लवकर गेली. गल्ली ओस. मुलगी दिवसभर एकटी खेळायची. घर बघायला आलेली माणसं दगड वाचून परत फिरायची. एका सकाळी काढला आणि खाली बसवला. महिन्याभरात समोर बिऱ्हाड आलं. तुमचंच, पोरी."

"बाबांनी दगड वाचूनच घर घेतलं," बाई खिडकीतून समोरच्या घराकडे बघत म्हणाल्या. "गुडघाभर पाण्याचं काय एवढं, म्हणाले. माझा धाकटा भाऊ जमिनीवर झोपायचा."

"पूर आलाच नाही गं. मलाही वाटायला लागलं, गुडघाभरच असेल."

मास्तरांना म्हाताऱ्याची दया आली आणि रागही आला.

"दगड आजच वर जाईल," बाई म्हणाल्या. "नकाशाचं मी कचेरीत बघते. आणि या खोल्या मला लेकरांना झोपवायला हव्यात, गवंडीबुवा." इतक्या वर्षांत त्यांनी काका सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि आपलं अंथरूण गुंडाळायला घेतलं.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "मुलं झोपली की नदीकडे बघत कुणीतरी बसायला हवं. पाणी कुठवर आलं, ते या खेपेला खरं सांगायचं."