कापसावरचा डाग

नानांनी शटर खर्रकन खाली ओढलं. वीतभर फट तेवढी उरली.

“आमचा माल काढ, पोरी. न्हाईतर हवालदार यीस्तोवर हितंच बस.”

वेल्ह्याच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं हे दुकान शेफालीनं एकटीनं उभं केलं होतं. फटीतून बाहेर जमलेल्या चपला दिसत होत्या. आज चोर ठरली, तर उद्या कोण आपल्या कॉम्प्युटरची पेटी तिच्या हवाली करणार?

नाना गावच्या दूध संकलन केंद्राचे अध्यक्ष. सोबत केंद्रावरचा ऑपरेटर कुमार. वडिलांच्या दहाव्याला भादरलेल्या त्याच्या डोक्यावर आत्ता कुठे खुंट आले होते. आणि नानांचा नातू अमृत, पुण्यात कॉम्प्युटर शिकणारा. केंद्राचा कॉम्प्युटर दसऱ्यानंतर रडतखडत चालू लागला, तेव्हा यानंच निदान केलं होतं: आतला भारी प्रोसेसर काढून कुणीतरी जुनाट बसवलाय.

“पेटी शेवटची हिनंच उघडली,” अमृत म्हणाला. “श्रावणात, धूळ काढायला.”

“त्यानंतर कुणीच नाही?” शेफालीनं विचारलं.

“न्हाई,” नाना गुरगुरले.

शेफालीनं त्यांनी आणलेली पेटी पुढ्यात ओढली. दर्शनी बाजूला हळदीकुंकवाची बोटं, फटीत झेंडूची वाळकी पाकळी.

“पूजा कुणी केली, नाना?”

“आमच्या अमृतनं! खंडेनवमीला मुद्दाम आला. एकट्यानं बसून पुसली, पूजली. त्या दिशी यंत्राला कुनालाच हात लावू दिला न्हाई.”

“आणि किल्ली?” तिनं कुमारकडे पाहिलं. संशय आधी त्याच्यावरच जात होता. केंद्र रोज तोच उघडायचा.

“म्या सुतकात व्हतो, ताई. किल्ली नानांकडं दिली व्हती. दहावं झाल्यावर कामाला आलो, तवापास्नं मशीन अशीच रखडतीया.”

“तुमी इथंच बघत राहा,” शेफाली म्हणाली आणि तिनं झाकण उघडलं.

प्रोसेसरवरचा पंखा हलवत हलवत सोडवला. खाली थर्मल पेस्टचा थर होता. प्रोसेसरची उष्णता पंख्याखालच्या धातूपर्यंत पोचवणारा हा लेप. पंखा काढला की जुना पुसून नवा लावावा लागतो. तिनं स्पिरिटमध्ये कापूस बुडवला, लेपाच्या मधोमध फिरवला.

कापूस करडा झाला. मग त्या करड्यात एक लालभडक रेघ उमटली.

ती बघतच राहिली. मग तिनं कापूस नानांच्या हातात दिला.

“नाना, हे काय आहे?”

नानांनी कापूस नाकाशी नेला. “कुंकू.”

“पूजेचं आत सांडलं असेल,” अमृत घाईनं म्हणाला.

“सांडलेलं वर राहतं. हे दोन धातूंच्या मध्ये, लेपात कालवलेलं आहे. म्हणजे हा लेप लावला तेव्हाच बोटांना कुंकू होतं.” शेफालीनं कोपऱ्यातल्या फळीकडे बोट केलं. तिथं बुद्धाची लहानशी मूर्ती आणि विझलेली मेणबत्ती होती. “माझ्या दुकानात कुंकू नसतं, नाना. आमच्यात ते नाही. श्रावणात मी लावलेल्या लेपात ते येणार कुठून?”

बाहेरच्या चपला फटीजवळ सरकल्या.

“कुमारदादा सुतकात. सुतकातला माणूस पूजेच्या ताटाला शिवत नाही. यंत्राला सुट्टी, दार बंद, आत एकटाच माणूस. आधी पूजा उरकली आणि त्याच बोटांनी लेप लावला.” ती अमृतकडे वळली. “केंद्राचा प्रोसेसर पुण्यात तुझ्या पेटीत आहे ना?”

अमृत शटरकडे सरकला, पण फटीतून मांजरही गेलं नसतं. “आजोबा... गेम अडकत व्हता म्हणून... परत आणनार व्हतो.”

नाना मटकन स्टुलावर बसले. ज्या नातवाच्या पूजेचं गावभर कौतुक केलं, त्याच्याकडे त्यांना बघवेना. ते म्हणाले, “पोरी, चुकलो. शटर उघड.”

“मी नाही, नाना. सगळ्या बाजारासमोर तुमी ओढलंत. वर पण तुमीच करा, आणि आत काय निघालं ते तुमच्याच तोंडानं सांगा.”

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. शटरच्या कडीला हात घातला, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात तो कापूस तसाच होता.