बसले त्यांना घरी पोचव

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आईला मुलुंडला डायलिसिससाठी न्यायचं आणि दिवेलागणीच्या आत विक्रोळीला परत आणायचं, एवढंच निलेशचं काम. काम साधंच, पण त्यासाठी हाताशी होती ती बाबांची सोळा वर्षांची, सात सीटांची, सरकत्या दाराची गाडी. आज सेल्फ उचलत नाही, उद्या रेडिएटर गळतोय, परवा बेल्ट तुटला. दुसरा कुणी असता तर तिला भंगारात घालून केव्हाच मोकळा झाला असता. पण डायलिसिसनंतर आईचं बीपी उतरायचं, तिला बसवत नसे. मधल्या सीटवर आडवं पडून येता येई, म्हणून ही ब्याद गळ्यात राहिली होती.

दसऱ्याला तर त्याचं डोकंच फिरलं. गाडी धुतली, हार घातला, आणि नेमकी तेव्हाच ती सुरू होईना. नारळ हातात घेऊन त्याने वैतागून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेत जे कोण बसले, त्येंका सगळ्यांका घराक पोचव. काय ता कर, पण पोचव!" नारळ फुटला, गाडी सुरू झाली. तो खूश.

त्यानंतरच्या मंगळवारी जाताना काही झालं नाही. परतताना मात्र हॉस्पिटलच्या गेटातच इंजिन बंद पडलं. मागून हॉर्नचा गोंधळ. निलेश चावी पिरगाळत शिव्या घालत होता, तेवढ्यात दोन हातांनी ओढावं लागणारं ते सरकतं दार आपोआप उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. डेटॉलचा आणि कोमेजलेल्या झेंडूचा वास आत आला. सर्वांत मागची सीट करकरत दबली, दार हळूहळू बंद झालं, आणि गाडी सुरू झाली.

"येवा," आई पडल्या पडल्याच म्हणाली. "सावकाश बसा..."

"आई, कुणाशी बोलतेस?"

"ते इले."

दोन वर्षांपूर्वी बाबा याच गेटातून आत गेले होते, याच गाडीतून, स्वतःच्या पायांनी. गेले ते तिथेच. तेव्हा बिल्डिंगची लिफ्ट बंद होती, घर चौथ्या मजल्यावर, म्हणून निलेशने त्यांना हॉस्पिटलातून परस्पर स्मशानात नेलं. त्येंका एकदा घराक आणूया रे, असं आई म्हणाली होती. त्याने ऐकलं नव्हतं. ते त्याला अजून टोचत होतं. त्यामुळे त्या संध्याकाळी आईने दाराशी पाण्याचा तांब्या ठेवला, तेव्हा भ्यालेला असूनही त्याने तो तिथेच राहू दिला.

पण शुक्रवारी गाडी भांडुपजवळ हायवेवर थांबली. दार उघडलं. या वेळी वास ओल्या लोखंडाचा होता. कांजूरच्या अलीकडे पुन्हा तेच.

शनिवारी सकाळीच तो खंडू मेकॅनिककडे गेला. खंडू बाबांच्या वेळेपासून हीच गाडी बघत होता. त्याने चक्कर मारून आणली. "काय नाय गाडीत, निलेशभाऊ. मस्त पळते."

"मग हायवेला का बंद पडते रे? वाट लावली माझी!"

"कुठं कुठं पडते?"

निलेशने जागा सांगितल्या. खंडूने हात पुसले. "तिथनंच तुमचे बाबा, बाळाकाका, ॲक्सिडेंटची माणसं उचलायचे ना... कुणी थांबायचं नाय, हे थांबायचे. ह्याच गाडीत घालून हॉस्पिटलला न्यायचे. सीटा मीच धुतल्यात."

"वाचली ती?"

"सगळी नाय..."

घरी हे ऐकून आई उठून बसली. "गाऱ्हाण्यात तू नावां घेतलंस मां?"

त्याने घेतली नव्हती. बाबा घरातल्या हयात माणसांचं एकेक नाव घेत; निलेशने घाईत सगळ्यांनाच आवतण देऊन टाकलं होतं.

पुढच्या मंगळवारी तो रिक्षाच आणणार होता. आईने ऐकलं नाही. त्येंका वाटेत टाकून येव नको, म्हणाली. परतीला गाडी चारदा थांबली. चौथ्यांदा थांबली ती कांजूरपाशी, एका बाजूला खारफुटी आणि दुसऱ्या बाजूला न थांबणाऱ्या गाड्या. सूर्य बुडायला आला होता. दार उघडून बंद झालं. या वेळी मात्र गाडी सुरू होईना.

"निलेश," आईचा आवाज जेमतेम येत होता. ती आता सीटवर आडवी नव्हती, खिडकीला चेपून बसली होती. "माका जागा नाय रे... सरकतहत..."

तिचे ओठ पांढरे पडले होते, हात बर्फ. "चल ना यार!" तो स्टिअरिंगवर मुठी आपटत रडकुंडीला आला. "माझी आई मरेल!"

मग त्याने डॅशबोर्डसमोर हात जोडले आणि नीट, एकेक नाव घेतलं. "माझी आई रत्नप्रभा. माझी बायको नेत्रा. ह्येंकाच घराक पोचव, म्हाराजा. बाकी कोणाक नको."

गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःचं नाव घ्यायचं नसतं, ते शेवटी दुसऱ्याने घ्यायचं, ही त्यांच्या घरची रीत. बाबांचं आई घ्यायची. पण आईची मान कलली होती, निलेशचं नाव घ्यायचं राहिलं होतं, आणि गाडी सुरू झाली होती. मागे कुणीतरी लांब उसासा टाकला.

दहा मिनिटांत ते बिल्डिंगखाली पोचले. नेत्रा वाट बघत उभी होती. तिने दार सरकवून आईला उतरवलं, पाणी पाजलं. आईच्या चेहऱ्यावर रंग परतला, तसा निलेशचा जीव भांड्यात पडला.

"मी आईंना वर नेते, तू गाडी लावून ये."

"आलोच," म्हणत त्याने चावी काढली आणि दार ढकललं. उघडेना. पलीकडचंही उघडेना. त्याने हॉर्न दाबला, आवाजच नाही. काचेवर थापा मारल्या. लिफ्टच्या दारात आई गर्रकन वळली, त्याचं नाव घ्यायला तिचे ओठ घाईघाईने हलले, पण ते पुरं व्हायच्या आत लिफ्टचं दार बंद झालं.

चावी निलेशच्या मुठीत होती. तरी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली, आणि गेटातून बाहेर पडून हायवेकडे वळली.