दुसऱ्या खाटेची नोंद

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? डॉक्टरवर, नशिबावर, की स्वतःच्या डोळ्यावर? आमच्या ओळखीतल्या एका कापडवाल्याचा सगळा भरवसा डोळ्यावर. कापडाच्या ठाणाकडे नुसतं बघून तो किती मीटर ते सांगायचा, बोटभरही चुकायचा नाही. गिऱ्हाईकं पैजा लावायची आणि हरून, हसत घरी जायची.

त्याची पाच वर्षांची पिटुकली रक्ताच्या कॅन्सरसाठी दवाखान्यात होती. केमोच्या पहिल्या फेरीत ताप चढला, पेशी उतरल्या, सगळं तीन आठवडे रखडलं. या खेपेचं औषध गुणाचं, पण लघवीवाटे वेळेत बाहेर पडलं नाही तर मूत्रपिंडांवर उठणारं. म्हणून सिस्टरने एक वही दिली होती. पाणी किती प्यायली, लघवी किती झाली, दर वेळी भांड्यात मोजून लिहायचं.

"तुमच्यासारख्या दुकानदाराला काय अवघड?" सिस्टर म्हणाली होती.

संसर्ग नको म्हणून पिटुकलीला स्वतंत्र खोली होती. एक खाट, एक खुर्ची, खिडकीला निळसर पडदा. दुपारचं ऊन त्यातून गाळून आलं की सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. सलाइनचं यंत्र हलकेच घरघरायचं. स्पिरिटच्या वासाने डोळे जड व्हायचे.

"बाबा, आपलं टक्कल आता सेम झालं ना?"

"माझं कायमचं राहायला आलंय, बाईसाहेब. तुझं पाहुणं आहे, चार दिवसांनी जाईल."

ती हसली आणि हसता हसताच झोपली. तोही केव्हा पेंगला, त्याचं त्याला कळलं नाही.

जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. भांडं धुऊन पालथं घातलेलं. सफाईच्या मावशी येऊन गेल्या असाव्यात. आता लघवी किती झाली, कोणाला विचारणार? त्याने सकाळपासूनचे आकडे पाहिले. दीडशे मिली, एकशे साठ, दीडशे. कमी लिहावं तर पुढचा डोस पुन्हा लांबणार. त्याने भांड्यावर एक नजर टाकली आणि ठाणाचं माप सांगावं तसं लिहून टाकलं, दीडशे.

"बाबा..." पिटुकली कुजबुजली. डोळे मिटलेलेच होते. "काकू म्हणाल्या, चाळीस."

"कोण काकू?"

"तू झोपलास की येतात त्या. खाली बसतात... भांडं डोळ्यांपुढे धरतात..."

"अगं, मावशी असतील."

"नाही. मावशींच्या चपला वाजतात."

तो हसायला गेला आणि त्याची नजर वहीवर पडली. दीडशेवर सरळ रेघ मारलेली. शेजारी बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात चाळीस. शाई अजून ओली. खोलीत पेन एकच होतं, आणि ते त्याच्या मुठीत होतं.

पान फाडून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. दीडशेच असणार, डोळा सांगत होता. मग त्याने पिटुकलीच्या सुजलेल्या पापण्यांकडे पाहिलं आणि बेल दाबली.

"सिस्टर, मला झोप लागली होती. दीडशे मी मनानेच लिहिलं. चाळीस कोणी लिहिलं... ते मला माहीत नाही."

सिस्टरने अक्षर पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "या खोलीत दोन खाटा होत्या तेव्हा एका आईचं असंच अक्षर..." एवढं पुटपुटून ती डॉक्टरांना बोलवायला धावली. रक्त तपासलं. औषध अंगात साचत चाललं होतं. लगेच उतारा दिला, सलाइन वाढवलं.

"आणखी दोन-तीन तास गेले असते, तर..." डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही.

आठवड्याने पिटुकलीचं रक्त निवळलं. घरी जायच्या सकाळी बॅग भरताना त्याने वही सहज चाळली. शेवटच्या पानावर तेच झुकलेलं अक्षर. वर लिहिलं होतं, "दुसरी खाट".

खोलीत दुसरी खाट नव्हती.

खाली वेळा होत्या. पाणी दिलं, साठ. पाणी दिलं, साठ. दर दोन तासांनी, थेट घरी जायच्या त्या सकाळपर्यंत. समोरचा लघवीचा रकाना मात्र कोरा. ओळीमागून ओळ, कोरा. लिहिणारीने त्यात एकही आकडा मनाने भरला नव्हता.

तेव्हा तुम्हाला एवढीच विनंती. कधी कोणाच्या उशाशी अशी वही घेऊन बसायची वेळ आली, तर जे मोजाल तेच लिहा. डोळा लागला, तर 'डोळा लागला' असं लिहा. पण हिशेब खरा ठेवा.