पासष्टवी पोच

हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेलं आहे. मीठमसाला लावलेला नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, पण खरं आहे.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. मंगळवार होता. तीन वाजले होते. हवामान कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, मशीनच्या खोलीत, सगळे दिवे चालू होते.

आत्या त्या खोलीत सव्वीस वर्षं काम करत होती. वारा, धुकं, ढग, वादळ यांची माहिती आकड्यांत यायची. आत्या ती तपासून उपग्रहाकडे सोडायची, आणि लांबलांबच्या विमानतळांवरचे अँटेना ती खाली उतरवून घ्यायचे. तिथल्या प्रिंटरवर कागद निघायचा. पायलट तो वाचून ठरवायचा, उडायचं की थांबायचं.

पण या यंत्रणेत एक खोट होती. ती एकतर्फी होती.

इथून सांगायचं. तिकडे पोचलं की नाही, कळायला मार्ग नाही.

"माझी नोकरी आणि माझा संसार सारखाच," आत्या पूर्वी हसून म्हणायची. "मीच बोलायचं. समोरून हूं नाही की चूं नाही."

कारण समोर काकाच होते. आत्याचे यजमान डोंगरावरच्या एका छोट्या धावपट्टीवर निरीक्षक होते. यादीतलं एकेचाळीस नंबरचं ठिकाण. एक खोली, एक प्रिंटर, वारा मोजायचा खांब. सोबतीला आगीचा बंब आणि तो चालवणारा एक माणूस. त्याला सगळे बंबवाले दादा म्हणायचे.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आत्याने एक इशारा सोडला. डोंगरावर थोड्याच वेळात सोसाट्याचा वारा सुटेल. कोणीही उघड्यावर थांबू नये.

सव्वातीनला काका नेहमीप्रमाणे खांबाजवळ नोंद घ्यायला बाहेर पडले.

पाच मिनिटांत वारा आला. विमानाच्या शेडचं लोखंडी दार उखडलं. काका त्याखाली सापडले.

चौकशी झाली. बंबवाले दादांनी सांगितलं, "मी खोलीतच बसलो होतो. कागद आलाच नाही." इकडच्या नोंदीत होतं, इशारा वेळेवर पाठवला. दोन्ही खरं मानलं गेलं आणि फाईल बंद झाली.

आत्या रडली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती कामावर हजर झाली, त्याच खुर्चीवर बसली. नंतर नंतर तर तिचं काहीतरी बधिरच झालं. एकदा तिच्या तळहातावर भाजल्याचा हा मोठा फोड बघून माझी आई घाबरली.

"अगं वहिनी, दुखलंच नाही," आत्या म्हणाली.

वर्षातून एकदा, त्या तारखेला, बंबवाले दादांचा फोन यायचा. जेवलात का, तब्येत कशी आहे, एवढंच. तेवढा एक फोन ती न चुकता घ्यायची.

आणि मग त्या मंगळवारी यंत्रणा बदलली.

नवी यंत्रणा बसवायला कंपनीचा एक इंजिनिअर आला होता. दारातून वाकून यायचा, म्हणून ऑफिसने पहिल्याच दिवशी त्याचं नाव लंबू ठेवलं होतं.

"ताई, आता प्रत्येक ठिकाणाहून पोच येणार," लंबू म्हणाला. "मिळालं की तिकडचं मशीनच कळवणार. आणि एखादं पत्रक चुकलं असेल तर स्वतःहून मागून घेणार. जुन्यातलं जुनंसुद्धा. तुमची मागची सगळी पत्रकं आम्ही आत भरून ठेवलीयत."

"उशीर केलात," आत्या म्हणाली.

लंबूला वाटलं, ती कामाच्या तारखांबद्दल बोलतेय.

बरोबर तीनला नव्या यंत्रणेतून पहिलं पत्रक गेलं. एकेक पोच यायला लागली. प्रत्येक पोचेला बारीकसा आवाज व्हायचा. टिंग. टिंग. पडद्यावरच्या यादीत एकेक ओळ हिरवी होत होती. ठिकाणं चौसष्ट होती. आत्या मनातल्या मनात मोजत होती.

चौसष्ट.

"झालं की," लंबू म्हणाला आणि त्याने पाण्याची बाटली उघडली.

खोली शांत झाली. फक्त मशीनच्या पंख्यांची घरघर.

आणि मग...

टिंग.

यादीच्या तळाला एक ओळ वाढली होती. त्या ओळीला ठिकाणाचं नाव नव्हतं. नुसता नंबर होता. एकेचाळीस.

डोंगरावरची धावपट्टी बंद होऊन आठ वर्षं झाली होती. तो नंबर आत्यानेच स्वतःच्या हाताने यादीतून काढला होता. तिथला अँटेना भंगारवाल्याने नेला होता.

"जुन्या यादीतला कचरा राहिला असेल," लंबू म्हणाला. त्याने ओळ पुसली.

टिंग.

पुन्हा पुसली. पुन्हा आली. लंबूने दोन-तीन पडदे उघडून पाहिले. त्याची मान हळूहळू पुढे येत गेली.

"हा सिग्नल कुठून येतोय तेच दाखवत नाहीये. असं होत नाही खरं तर. थांबा, मी ऑफिसला फोन लावतो."

खोलीत रेंज नव्हती. तो बाहेर गेला, दार लागलं.

आत्या एकटी राहिली.

पंखे चालू होते. ते फिरताना तिला दिसत होते. पण त्यांचा आवाज... येत नव्हता.

एकेचाळीसच्या ओळीपुढे अक्षरं उमटली. ती मागणी होती. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. तीन वाजून दहा मिनिटांचा इशारा.

*मिळालेला नाही. पुन्हा पाठवा.*

आत्या म्हणते, भीती वाटली नाही. एक विचार आला, आणि तोही दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. म्हणजे खरंच मिळाला नव्हता त्यांना.

खाली मशीनने विचारलं होतं. पाठवायचा का? हो. नाही.

आलेली माहिती पुढे पाठवायची, हेच तिने सव्वीस वर्षं केलं होतं. तिने हो दाबलं.

एक मिनिट गेलं.

दुसरं गेलं.

मग... टिंग.

पोच आली होती. प्रत्येक पोचेपुढे ती केव्हा मिळाली ते लिहून येतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन एक्केचाळीस झाले होते. पोचेवर वेळ होती तीन वाजून बारा मिनिटं.

तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

आत्या वाचत होती तेवढ्यात ओळ पुसली गेली. पंख्यांची घरघर एकदम कानावर आली.

लंबू आत आला. "गेली ना? म्हटलं नव्हतं मी, कचरा असेल?" त्याने मशीनमधली नोंद तपासली. चौसष्ट ठिकाणं, चौसष्ट पोचा. एकेचाळीसचं नावही नाही. इशारा पुन्हा पाठवल्याचंसुद्धा काही नाही.

आत्याने कागदावर सही केली. सर्व ठीक.

संध्याकाळी बसस्टॉपवर तिने बंबवाले दादांना फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला.

"दादा, मी बोलतेय. एक विचारायचं होतं."



"वहिनी," दादा म्हणाले, "अकरा वर्षांत आज पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकतोय."

"असं काय? दरवर्षी फोन करता की तुम्ही."

"मी? माझी कुठली हिंमत, वहिनी."

आत्याची बस आली. ती चढली नाही.

"त्या दिवशी कागद आला नव्हता ना?" तिने विचारलं.

"आला नव्हता कसा? तीन बाराला आला. मी धावपट्टीच्या पार टोकाला बंब धूत होतो. मला बोलवायला ते कागद हातात घेऊन पळत आले. आम्ही दोघं परत पळालो. मी पुढे होतो, ते मागे राहिले. चौकशीत मी सगळं सांगितलंय. तुमच्या कागदाने मी वाचलो, वहिनी. कोणत्या तोंडाने फोन करणार होतो?"

"बरं," आत्या म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

हे सगळं तिने मला सहा महिन्यांनी सांगितलं. मटार सोलता सोलता. आवाज एका पट्टीत, बाजाराचा हिशेब सांगावा तसा.

मी धीर द्यायला गेलो. "आत्या, तू पाठवला नसतास तरी काका गेलेच असते. आधीही गेलेच होते ना."

तिने शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"हो," ती म्हणाली. "पण आधी ते माझ्यामुळे गेले नव्हते."

घरी येऊन मी आईला विचारलं. काकांच्या वेळी मी बारा वर्षांचा होतो, आणि कागद आला नव्हता हे मी तिच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. आई कपडे घडी करत होती. तिने मान वर केली नाही.

"आला होता की कागद. तो आला म्हणूनच तर ते बाहेर पळाले. सगळ्या घराला माहीत आहे. आत्या अशी कशाने झाली मग?"



हे लिहायला मला इतके दिवस लागले, कारण कोणाला सांगावं कळत नव्हतं. पण आता थांबण्यात अर्थ नाही. बंबवाले दादांचा फोन आला की आत्या उठून आतल्या खोलीत जायची, हे मला परवापरवापर्यंत स्पष्ट आठवत होतं. फोनचा रंगसुद्धा.

आज सकाळी आठवून पाहिलं.

आत्या उठताना दिसते. खोलीत जाताना दिसते.

फोन वाजताना... ऐकू येत नाही.