हजर कोण कोण

अर्जात एकूण चौदा रकाने होते. तेरा मी अर्ध्या तासात भरून टाकले आणि आठव्यापाशी तीन दिवस अडकून बसले. 'सादर केलेले सर्व ध्वनी अर्जदाराने स्वतः मुद्रित केले आहेत काय?' खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

पुरस्कार पुण्याच्या एका नाट्यसंस्थेचा होता, नाटकाच्या ध्वनिसंयोजनासाठी, आणि फक्त विद्यार्थ्यांना. निवड झाली की वर्षभर पुण्यात राहून काम शिकायला मिळणार होतं. अंबाजोगाईच्या कॉलेजात बीएस्सीचं माझं शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की सिरसाळ्याला परत, अब्बांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. अब्बा वाईट नाहीत. कोणी बोलावलं तर खुशाल जा, बिनबोलावता कुठं जायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. हा पुरस्कार म्हणजे माझं बोलावणं होतं, आणि दुसरं कुठून येण्याची चिन्हं नव्हती.

अडचण एकच होती. सगळे आवाज रोहिणीचे होते.

रोहिणी वसतिगृहात माझ्याच खोलीत राहायची, आष्टी तालुक्यातल्या कडा गावची. आमच्या कॉलेजनं 'तिसरी पाळी' नावाची एकांकिका बसवली होती, साखर कारखान्यात कामाला गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईची. तिच्यातले तेवीसच्या तेवीस आवाज रोहिणीनं गावी जाऊन, मुठीत मावणाऱ्या रेकॉर्डरवर घेतले. कारखान्याचा भोंगा, तिथल्या गव्हाणीत पडणारा ऊस, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, चुलीवर उतू जाणारं दूध. प्रयोगाच्या वेळी लॅपटॉपवर बोट ठेवून ते वेळेवर सोडायचं काम माझं. 'बोट अस्माचं, कान माझे' असं ती चिडवायची, आणि मी खरंच चिडायचे, कारण ते खरं होतं. ऑक्टोबरात ती अंगात ताप घेऊन गावी गेली. अकराव्या दिवशी तिच्या वडिलांचा, अण्णांचा, फोन आला, ती गेल्याचा. तिच्या कॉटवर मी शेवटपर्यंत कपडे टाकले नाहीत.

तिची एक सवय होती. कुठलाही आवाज घेण्याआधी ती जागा सांगायची, वेळ सांगायची आणि मग शाळेतल्या बाईंसारखी हजेरी घ्यायची. 'कडा. कारखान्याचा भोंगा. सकाळी सात. हजर, मी आणि अण्णा.' मग दहा आकडे मोजण्याइतकी शांतता, आणि मग भोंगा. मी हसले की ती म्हणायची, "आवाज घेताना जो तिथं हाय, त्यो आवाजात हाय. त्याचा श्वास जातो आत. मग नाव नको का घ्यायला?"

संस्थेला बोलणं नको होतं, नुसते आवाज हवे होते. म्हणून मी तिची हजेरी कापली. तेवीस वेळा कापली. कापलेले तुकडे मात्र पुसले नाहीत, वेगळे ठेवले. मैत्रिणीचा आवाज टाकून द्यायला हात धजला नाही, तिचं काम स्वतःच्या नावावर करायला मात्र धजला. हे आज लिहिता येतं. तेव्हा मी स्वतःला वेगळंच सांगत होते, की ती नाही, आवाज वाया जातील, कोणीतरी पुढं न्यायला हवेत.

दुसऱ्या दिवशी जेवण करून आले, इयरफोन लावले, तर हजेरी परत जागेवर होती. मूळ फाइल चुकून पुन्हा उघडली असेल असं समजून मी सगळं नव्यानं कापलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी उघड्या मोटारी बघत वाढलेली मुलगी आहे. बिघाड असतो आणि तो सापडतो, हे अब्बांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. त्यामुळे घाबरले नाही, वैतागले. एकेक फाइल नीट ऐकायला बसले.

अकरावी फाइल गव्हाणीची. 'कडा. गव्हाण. दुपारी बारा. हजर, मी, अण्णा आणि अस्मा.'

मी तोवर कड्याला एकदाही गेले नव्हते.

आवाज तिचाच होता, तिला नेहमी सर्दी असायची ती सर्दीसुद्धा होती त्यात. मी पुढच्या फाइली लावल्या. मग मागच्या लावल्या. सगळीकडे शेवटी माझं नाव होतं, घाई न करता, नीट घेतलेलं.

एकांकिका बसवली होती ती आमच्याच कॉलेजातल्या भारतनं. वर्गातून बोलावून आणून त्याच्या कानाला इयरफोन लावले. त्यानं तीन फाइली ऐकल्या.

"तू गेलतीस की तिच्यासंगं," तो म्हणाला.

"न्हाई."

"मग नाव कावून घेतलं तिनं?"

त्यानं वायर बोटाभोवती गुंडाळून माझ्या हातात दिली आणि तास आहे म्हणून निघून गेला. तास नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. माझं नाव रोहिणीच्या तोंडून तेवीस वेळा आलं होतं. मी तिथं होते असं तीच म्हणत होती. ती मला हे आवाज देऊन टाकत होती की पकडत होती, कळत नव्हतं. मला सोयीचं होतं ते मी धरलं आणि आठव्या रकान्यात होयवर खूण केली.

अर्ज पाठवण्याआधीच, त्याच संध्याकाळी, संस्थेचा सगळ्या अर्जदारांना मेल आला. कापलेल्या आवाजांबरोबर मूळ मुद्रणंही हवीत, ज्या यंत्रावर घेतली त्यातून थेट काढलेली. मुदत शुक्रवारी सायंकाळी पाच. ते यंत्र कड्याला होतं.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं बीड, आणि तिथून नगरकडं जाणाऱ्या गाडीनं कडा. पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. रोहिणीचे वडील, गहिनीनाथ अण्णा, स्टँडवर उभे होते. पूर्वी कारखान्यात बॉयलरवर होते, त्यामुळे जरा मोठ्यानं बोलतात. घरापर्यंत चालताना भेटेल त्याला त्यांनी थांबवून सांगितलं की ही रोहिणीची मैत्रीण, अंबाजोगाईची, रोहिणीच्या नावानं पुण्याला अर्ज करतीय.

मी फोनवर फक्त 'पुरस्काराचा अर्ज आहे' एवढंच म्हणाले होते. बाकीचं त्यांनी आपल्या मनानं भरलं होतं. तिथंच, त्या रस्त्यावर, सांगायला हवं होतं.

तिची आई बायनाबाई. त्यांनी आधी जेवायला वाढलं, मग अंगणात सतरंजी टाकली. अण्णांनी कपाटातून रेकॉर्डर आणला. तिच्या ओढणीत गुंडाळलेला होता. त्यातले सेल काढून त्यांनी ऑक्टोबरातच ओट्यावरच्या घड्याळात घातले होते, तेव्हापासून तो बंदच होता. मी बीडच्या स्टँडवरून नवे सेल घेतले होते, ते घातले. छोट्या पडद्यावर उजेड आला.

"तिचा आवाज हाय का गं त्यात?" बायनाबाईंनी विचारलं.

"आवाज सगळे तिचेच आहेत, काकू."

"तसं न्हाई. तिचा. बोलल्याला."

मी जे तेवीस वेळा कापलं होतं, ते त्या मागत होत्या. मी मान हलवली आणि रेकॉर्डर सतरंजीवर मधोमध ठेवला.

'कडा. आमची चूल. सकाळी साडेसहा. हजर, मी आणि आई.' बायनाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुढं भोंगा, मग घुंगरं, मग पाण्याची मोट ओढल्यासारखा रहाटाचा आवाज. दरवेळी आधी 'मी', मग अण्णा किंवा आई, कधी दोघं. रोहिणी मला फार आठवली. तिनं एवढं सगळं केलं होतं, उन्हातान्हात उभं राहून, आणि मी थंड खोलीत बसून बोट ठेवत होते.

अकरावं आलं. 'हजर, मी आणि अण्णा.'

माझं नाव नव्हतं. बाराव्यात नव्हतं, तेराव्यातही नव्हतं. जे माझ्या लॅपटॉपवर होतं ते इथं कुठंच नव्हतं.

मी बटण दाबून थांबवलं आणि सांगितलं. अर्ज माझ्या नावावर आहे. आवाज मी घेतले असं मी लिहिलंय.

अण्णा पहिल्यांदाच हळू बोलले.

"तू व्हतीस का तितं?"

"न्हाई, अण्णा."

"मग?"

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

"असू द्या," बायनाबाई म्हणाल्या. "पुढचं लाव गं. बोलू दे तिला."

मी लावलं. एकेक करून तेवीस संपले. बायनाबाई प्रत्येक वेळी हजेरी होईस्तोवर पुढं वाकायच्या, आणि आवाज सुरू झाला की मागं टेकायच्या. भोंग्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

पडद्यावर चोवीस आकडा आला.

तेवीसच असायला हवे होते. यादी मीच केली होती. मी बोट मागं घेतलं, पण तो आपोआप सुरू झाला.

'कडा. आमचं अंगण. दुपारी चार चाळीस.'

अण्णांनी ओट्यावरच्या घड्याळाकडं पाहिलं. मीही पाहिलं. चाराच्या पुढं मोठा काटा आठावर होता.

'हजर, आई, अण्णा आणि अस्मा.'

मग शांतता. मी सवयीनं आकडे मोजले. दहा झाले, शांतता थांबली नाही. मुद्रणाची लांबी पडद्यावर दिसत होती, वीस मिनिटं. पाचाला मुदत संपत होती. यंत्र समोर होतं, वायर पिशवीत होती, आठवा रकाना अजून बदलता आला असता किंवा तसाच ठेवता आला असता. मी फोन सतरंजीवर पालथा घातला. तो अर्ज गेला नाही. मी आजही सिरसाळ्यातच आहे.

शांततेत कोंबडी ओरडली. अंगणात कोंबडी नव्हती. थोड्या वेळानं शेजारच्या कुडावरून एक खाली उतरली आणि ओरडली.

मग पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. अण्णांचा पाण्याचा पेला त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो बघितला, आणि फार सावकाश खाली ठेवला. आवाज तोच.

मग त्या मुद्रणात कोणीतरी रडायला लागलं. म्हातारी होत चाललेल्या बाईचं रडणं, तोंड दाबून सुरू झालेलं आणि मग आवरेनासं झालेलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. तिघांचेही डोळे कोरडे होते.

बायनाबाई रेकॉर्डरजवळ सरकल्या. त्या रडण्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्या मनात काहीतरी जुळवत होत्या, ओठ हलत होते. आई, अण्णा, अस्मा. पुन्हा एकदा. आई, अण्णा, अस्मा.

"दर बारीला पयलं सवताचं नाव घेती," त्या म्हणाल्या. "आज कावून न्हाई घेतलं?"

बायनाबाईंनी पदर तोंडात कोंबला, आणि आम्ही नुकतंच ऐकलं होतं ते रडणं, तिथूनच, तसंच सुरू झालं.