दुखायची थांबलेली दाढ

दाढ दुखायची थांबली, तर गाल का सुजावा? नऊ वर्षांच्या कस्तुरीला हे कोडं सुटेना, आणि विचारायचीही चोरी. कारण गाल तिच्या वडिलांचा, दादांचा होता, आणि त्यांनी दटावलं होतं, "कुणापाशी बोलायचं न्हाय!"

साल २०५१. धरणाकाठच्या सात गावांची लाँच दादा चालवत. आठवडाभर वरची दाढ ठणकत होती, तेव्हा त्यांनी मिशरी दाबून वेळ मारून नेली. दर गुरुवारी दवाखान्याची बोट धक्क्याला लागे, पण तिच्यात पाऊल टाकायची त्यांची छाती होत नव्हती. वरची दाढ काढली की नजर जाते, असं अख्खं गाव म्हणे. नजर गेल्यावर लाँच कशी हाकायची?

सोमवारी ठणका आपोआप थांबला. दादा खूश! बुधवारी गाल सुजला, म्हणून आईनं गरम विटेचा शेक दिला. आज गुरुवारी मात्र अंगात ताप, जबडा उघडेना आणि सुजेनं एक डोळा पार मिटलेला.

तेवढ्यात दवाखान्याच्या बोटीचा निघायचा भोंगा वाजला. सांगितलं आणि दादांची नजर गेली तर? आणि नाही सांगितलं तर? ती अनवाणीच धक्क्याकडे धावत सुटली.

बोटीवर दात तपासणारा यंत्रमानव होता. पोरं त्याला 'कवळी' म्हणत. साताऱ्याच्या डॉक्टर नाझनीन मुल्ला पडद्यावरून त्याच्यावर लक्ष ठेवत. कस्तुरीनं सगळं सांगून बोट थांबवली, आणि आईनं आणि शेजाऱ्यांनी दादांना धरून आणलं. कवळीनं गालाबाहेरूनच दाढेचा फोटो काढला.

"पण दुखणं थांबलं होतं ना?" कस्तुरी रडत म्हणाली.

"तीच तर भीती," कवळी म्हणाला. "दाताच्या आत मऊ गर असतो. त्यात मज्जातंतू (दुखल्याचा निरोप मेंदूला पोचवणारा धागा) असतो. किडीतले जंतू तिथे पोचले की दात ठणकतो. पुढे ते त्या तंतूलाच मारतात. निरोप्याच मेला, तर निरोप कोण देणार? जंतू मात्र मुळातून हाडात आणि गालात घुसतात. शेकानं सूज आणखी वाढते."

"आन् माजी नजर?" दादा दातांतल्या दातांत पुटपुटले.

"डोळ्याचा मज्जातंतू वेगळा, दाढेचा वेगळा," पडद्यावरून डॉक्टर म्हणाल्या. "दाढ काढून नजर जात नाही, भाऊ. पण हा पू डोळ्यामागे शिरला, तर मात्र जाऊ शकते. दोन दिवस उशीर झाला असता, तर मला काहीच सांगता आलं नसतं."

ज्या भीतीनं दादा दाढ जपत होते, ती खुद्द त्या दाढेतच बसली होती!

कवळीनं गाल बधिर केला, पू काढला आणि जबडा थोडा उघडल्यावर दाढही काढली. मग बोट दादांना घेऊन मोठ्या रुग्णालयाकडे निघाली. तो डोळा मिटलेलाच होता. पुढचे तीन दिवस कस्तुरी फोनपाशीच बसून राहिली. चौथ्या दिवशी फोन वाजला.

"कस्तुरे, डोळा उघडला बग. समदं दिसतंय."

ती ढसाढसा रडली.

पुढच्या गुरुवारी गावातल्या मालनकाकी लाँचमधून उतरल्या आणि हसत म्हणाल्या, "माजी बी दाढ ठणकायची थांबली बाबा, सुटले एकदाची!"

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी लाँच बंद केली आणि सगळ्यांदेखत आ वासून दाढेची रिकामी जागा दाखवली.

"थांबली म्हनूनच चला, काकी," ते म्हणाले, आणि काकींचा हात धरून दवाखान्याच्या बोटीत आधी स्वतः चढले.